तोळ्याला तीन

रविवार, संध्याकाळ

रोमच्या टेर्मिनी स्टेशनसमोरच्या गल्लीत कॉफी प्यायली आणि परत आलेले सुट्टे पैसे आप्पांनी खिशात टाकायच्या ऐवजी टेबलावर मांडले. चाळीस वर्षं हुपरीत चांदी हाताळलेला माणूस. नाणं मोजायच्या आधी त्याचं तोंड बघायचं ही सवय. पन्नास सेंटचं उचललं, चष्मा कपाळावर सारला आणि अगदी डोळ्याजवळ नेलं.

"घोड्यावर कोण हाय ह्यो?"

"मार्कस ऑरेलियस. बादशहा होता. त्याचा पुतळा बुधवारी बघायचाय."

आप्पांनी ते नाणं वीतभर उंचीवरून टेबलाच्या दगडावर सोडलं. वेटरनं वळून बघितलं. "पितळेच्या जातीचं काहीतरी," आप्पा म्हणाले आणि मग ते खिशात गेलं.

इटलीला यायला ते तयार झाले ते एकाच अटीवर. "देवळं, चर्च, पुतळे तुझं तू बघ. मला त्यांची चांदी दाखव." म्हणून मी पुण्याहून निघताना रोमन नाण्यांचे मोठे केलेले फोटो छापून एका फाइलमध्ये घेतले होते, पानाला एक. खरं नाणं जेमतेम आपल्या रुपयाएवढं, अठरा-वीस मिलिमीटरचं, आणि आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नव्हतं. नाण्याचं नाव देनारियस. इ.स.पू. 211 च्या सुमारास हॅनिबलशी लढाई चालू असताना रोमनं ते पाडायला सुरुवात केली. तांब्याच्या दहा 'अस' नाण्यांची किंमत म्हणून त्यावर दहाचा रोमन आकडा, X. पुढं ते आपल्याकडंही शब्दरूपानं पोचलं: गुप्तांच्या लेखांतला 'दीनार' तो हाच.

"वजन?" आप्पांनी विचारलं.

सुरुवातीला साडेचार ग्रॅम, लवकरच तीन पूर्णांक नऊवर स्थिरावलं. आप्पा छताकडं बघून पुटपुटले. "म्हंजे तोळ्याला तीन."

मी एवढी वर्षं नाण्यांवर वाचतेय, पण हा हिशेब कधी केला नव्हता. तीन देनारियस म्हणजे एक तोळा, म्हणजे वजनानं आजीच्या पेटीतला एक कलदार रुपया.

सोमवार

ज्या संग्रहालयासाठी एवढ्या लांब आलो ते सोमवारी बंद असतं, हे मला सोमवारी सकाळी कळलं. आप्पा "बरं" एवढंच म्हणाले. त्यांच्या 'बरं'मध्ये बरंच काही असतं.

मग फोरमला, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात गेलो. ऊन मिरजेसारखं, सावली नाही, पायाखाली काळ्या दगडांचा खडबडीत रस्ता. पण आज वाटतं, झालं ते बरंच झालं. आधी जागा पाहिल्या आणि मग नाणी, त्यामुळं दुसऱ्या दिवशी काचेखालचं चित्र ओळखीचं निघालं.

कॅस्टर आणि पोलक्सच्या देवळाचे तीन खांब उभे आहेत, बाकी चौथरा. हे दोघे जुळे, घोडेस्वार देव. पहिल्या देनारियसच्या एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि दुसऱ्या बाजूला हे दोघे भाले रोखून दौडत निघालेले, डोक्यावर एकेक तारा. आप्पांना ते लगेच पटले. घोड्यावरचा देव ज्योतिबाच्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. देवळाला लागूनच जुतुर्नाचं कुंड आहे. कथा अशी की रेगिल्लस तळ्याकाठची लढाई जिंकल्याची बातमी घेऊन हे दोघे रोममध्ये आले आणि याच कुंडावर त्यांनी घोड्यांना पाणी पाजलं. मी फाइलमधलं पान काढलं. इ.स.पू. 96 च्या सुमाराचं नाणं: दोन स्वार, दोन घोडे, घोड्यांच्या माना पाण्याकडं वाकलेल्या.

"हे कुणी पाडलं?"

"पोस्टुमियस अल्बिनस नावाच्या अधिकाऱ्यानं. रेगिल्लसची लढाई जिंकणारा सेनापती त्याचा पूर्वज."

आप्पा हसले. "म्हंजे सरकारी चांदीवर घरची जाहिरात."

अगदी तेच. रोमची टाकसाळ दरवर्षी तिघा तरुण अधिकाऱ्यांकडं असे. सोनं, चांदी, तांबं ओतणारे आणि ठोकणारे तिघे, असं त्यांचं लांबलचक पदनाम. राजकारणाची ही पहिली पायरी. पुढं निवडणुका लढवायच्या, पण नाण्यावर स्वतःचा चेहरा घालायची रीत नाही. जिवंत माणसाचं तोंड नाण्यावर म्हणजे राजेशाही, आणि राजा हा शब्द रोममध्ये शिवीसारखा. मग काय करायचं? पणजोबा काढायचे. पणजोबा नसले तर आडनावावर कोटी करायची. थोरियस नावाच्या माणसानं धावून येणारा बैल काढला, कारण लॅटिनमध्ये बैल म्हणजे 'टॉरस'. लुक्रेशियस त्रियोनं सप्तर्षी काढले, कारण सप्तर्षींना ते 'सेप्तेम त्रियोनेस' म्हणत. उद्या आपल्याकडं कुणी वाघमारे रिझर्व्ह बँकेत बसला आणि नोटेवर वाघ आला, तसं.

वेस्टाच्या गोल देवळाचा आता एक वाकलेला तुकडा तेवढा शिल्लक आहे, तोही विसाव्या शतकात जुळवून उभा केलेला. नाण्यावर मात्र ते पूर्ण आहे. इ.स.पू. 55 चं, कॅशियस लाँगायनस नावाच्या अधिकाऱ्याचं. मधे देऊळ, एका बाजूला मतदानाचा घडा, दुसऱ्या बाजूला छोटी पाटी आणि तिच्यावर दोन अक्षरं, A आणि C. सोडलं किंवा दोषी. त्याच्या घराण्यातल्या एका न्यायाधीशानं व्रतभंगाच्या आरोपावरून वेस्टाच्या कुमारिकांचा, म्हणजे तिच्या व्रतस्थ पुजारिणींचा, खटला चालवला होता. एवढा सगळा मजकूर वीस मिलिमीटरच्या आत! माझ्या फोनचं कव्हर याहून रिकामं आहे.

आप्पा सर्वांत जास्त वेळ थांबले ते तार्पियाच्या पानावर. कॅपिटॉल टेकडीचा सरळ तुटलेला कडा खालून दाखवला आणि तिची गोष्ट सांगितली. शत्रूला तिनं वेशीचा दरवाजा उघडून दिला, बदल्यात मागितलं "तुमच्या डाव्या हातात असेल ते". तिच्या मनात सोन्याच्या वाक्या. सबाइन सैनिकांनी डाव्या हातातल्या ढाली तिच्यावर फेकून तिला चिरडून मारलं. इ.स.पू. 89 च्या नाण्यावर ती कमरेपर्यंत ढालींत बुडालेली आहे, दोन्ही हात वर, डोक्यावर चंद्र आणि तारा. नाणं पाडणारा टिटुरियस स्वतःला सबाइन वंशाचा म्हणवणारा, म्हणून त्याला ही गोष्ट प्यारी.

"दागिना मागताना नग लिहून घ्यावा," आप्पा म्हणाले. "नुसतं 'हातातलं' म्हणून चालत न्हाई."

सॅटर्नच्या देवळाचे आठ खांब बघितले; रोमचा खजिना तिथं असे. शेवटी सीझरच्या देवळाशी आलो. पत्र्याच्या छपराखाली मातीचा एक ढिगारा, आणि त्यावर आजही कुणीतरी फुलं ठेवतं. ताजी होती. सीझर मेल्यावर त्याच वर्षी जुलैच्या खेळांच्या वेळी आकाशात धूमकेतू दिसला, लोक म्हणाले तो देव झाला. ऑगस्टसनं पुढं तो धूमकेतूच चांदीवर पाडला: आठ किरणांचा तारा, एका किरणाला शेपूट, आणि आडवी अक्षरं 'दिव्य जूलियस'. फाइलमधल्या सगळ्या पानांत मला हे सर्वांत आवडतं. आप्पांना नाही आवडलं. "नक्षी कमी, मोकळी जागा लई," म्हणाले.

मंगळवार

काल बंद असलेलं ते संग्रहालय, पलात्सो मासिमो, टेर्मिनीच्या अगदी शेजारी आहे. वरच्या मजल्यावर लिव्हियाच्या बागेची भिंतचित्रं आहेत, फळांनी लगडलेली झाडं आणि पाखरं. तिथं मी दहा मिनिटं मागून घेतली. नाणी तळघरात. इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल नाण्यांचा वेडा होता. 1946 मध्ये गादी सोडून गेला तेव्हा लाखाहून जास्त नाण्यांचा संग्रह देशाला देऊन गेला, तोही इथंच.

काचेवर भिंग आहे. आप्पा खाली वाकले आणि पुढचा दीड तास मी त्यांच्या मागे उभी.

त्यांनी चित्रं बघितलीच नाहीत आधी. ते कडा बघत होते. "ठसा सरकलाय बघ," म्हणाले. रोमाचं नाक कडेबाहेर गेलं होतं. नाणं कसं पाडत ते मी सांगितलं: खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची गोल टिकली, वरचा ठसा हातात धरून हातोड्याचा घाव. त्यांना यात काही नवीन नव्हतं. उलट त्यांनीच मला सांगितलं, वरचा ठसा आधी झिजणार, कारण हातोडा तो खातो. रोमन नाण्यांचे अभ्यासकही तेच सांगतात. पैंजणांच्या घुंगरांचे ठसे बदलण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे पुस्तकात शोधावं लागत नाही.

एक नाणं करवतीच्या पात्यासारखं, कडेला खाचाच खाचा. "छिन्नीनं पाडल्यात. एकेक करून." रोमन इतिहासकार टॅसिटसनं लिहिलंय की जर्मन लोकांना जुनी, ओळखीची नाणीच हवीत: कडा कापलेली आणि दोन घोड्यांच्या रथाची. आप्पांना जर्मनांचं कौतुक वाटलं.

मग त्यांनी मला खांद्याला धरून पुढं ओढलं. "ही खूण बघितलीस?" रोमाच्या गालावर, मूळ चित्राशी संबंध नसलेला, बारीक चंद्रकोरीसारखा एक ठोका. सराफांची खूण. रोमचे सराफ नाणं पारखून असा ठोका मारत, कारण आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी त्या काळीही भरपूर होती. आपल्याकडच्या जुन्या रुपयांवरही सराफांचे असे ठोके सापडतात. पारखलेल्या पिशवीचं तोंड बांधून तिला हाडाची छोटी पट्टी लावत, तिच्यावर पारखणाऱ्याचं नाव, तारीख आणि 'पाहिलं' अशा अर्थाची अक्षरं. पारखणारा बहुतेक वेळा गुलाम असे. आप्पा काही बोलले नाहीत. टंच, म्हणजे चांदीचा कस, काढून चिठ्ठीवर सही करायचं काम त्यांनीही केलंय, आणि चिठ्ठी चुकली तर काय होतं तेही त्यांना माहीत आहे.

मार्क अँटनीच्या नाण्यापाशी ते मला म्हणाले, "ह्यात खोट हाय." एका बाजूला वल्ह्यांचं गलबत, दुसऱ्या बाजूला गरुडाचं निशाण आणि पलटणीचा आकडा. ऑक्टेव्हियनशी, म्हणजे पुढच्या ऑगस्टसशी, शेवटची झुंज होती, इ.स.पू. 32-31, आणि सैनिकांचे पगार भागवायला अँटनीनं चांदीत तांबं जास्त घातलं. काचेबाहेरून हे त्यांना कसं कळलं? "गुळगुळीत झालंय बघ. चांगलं आसतं तर कुणीतरी आटवलं आसतं. वाईट म्हणून हातोहात फिरलं." ही नाणी दोनशे वर्षांहून जास्त बाजारात फिरत राहिली.

जेवायला बाहेर पडायच्या आधी चेहऱ्यांची रांग आली. ऑगस्टस, टायबेरियस, नीरो. टायबेरियसचं नाणं आपल्या ओळखीचं. एका बाजूला त्याचं डोकं, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, हातात डहाळी. कोइंबतूरच्या आसपास अशा नाण्यांचे हंडेच्या हंडे निघालेत. मिऱ्यांचे, मलमलीचे, रत्नांचे पैसे. हिंदुस्थान दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स खातो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार आहे. चार सेस्टर्सचा एक देनारियस. आप्पांनी कोटीला चारनं भागलं, तिनानं भागून तोळे काढले, आणि "चाळीस लाख तोळ्यांच्या वर," एवढं म्हणून गप्प बसले.

नीरोनं सन 64 मध्ये वजन उतरवलं. एका रोमन पौंडातून 84 नाणी पडत होती, ती 96 पडायला लागली, आणि चांदीतही भेसळ. "म्हंजे तोळ्याला साडेतीन झाले," आप्पा. जवळजवळ तेवढेच. पुढं सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्याच्या आसपास आली. त्याचा मुलगा काराकाला, त्यानं सन 215 मध्ये नवंच नाणं काढलं, डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट. किंमत दोन देनारियसची, वजन दीडाचं. 270 पर्यंत त्या नाण्यात शंभरात पाचसुद्धा चांदी उरली नव्हती. तांब्यावर वरून पांढरा हात फिरवलेला.

गंमत अशी की चेहरे मात्र शेवटपर्यंत झोकात. दाढीचा केस न् केस, मुकुटाचा किरण न् किरण.

त्याच तळघरात डायोक्लेशियनच्या 301 सालच्या भावफर्मानाची माहिती आहे. हजारभर वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर. एका दाढी-कटिंगला दोन देनारियस. ऑगस्टसच्या वेळी सैनिकाला वर्षाला 225 मिळत, म्हणजे दिवसाला एकही पुरा नाही. देनारियस तोवर हिशेबाच्या वहीत उरला होता, खिशात नव्हता.

बुधवार

कॅपिटॉलवर चढायला आराचेलीच्या चर्चच्या 124 पायऱ्या. आप्पांचे गुडघे बघता आम्ही शेजारचा उतरता चढ धरला. चौकात घोड्यावरचा मार्कस ऑरेलियस. चौकातला नक्कल, अस्सल आत संग्रहालयात. आप्पांनी खिशातून पन्नास सेंट काढून ताडून पाहिलं आणि मान हलवली.

याच टेकडीवर, चर्चच्या बाजूला, जूनो मोनेटाचं देऊळ होतं आणि देवळाजवळ टाकसाळ. मोनेटाचा अर्थ सावध करणारी, असं सिसेरोनं सांगितलंय. रात्री गॉल चढून येत असताना जूनोच्या पवित्र हंसांनीच कलकलाट करून पहारेकऱ्यांना जागं केलं, ही याच टेकडीवरची गोष्ट. इंग्रजीतले 'मनी' आणि 'मिंट' हे दोन्ही शब्द याच बाईच्या नावातून निघाले. देवळाचं आता काही दिसत नाही. पण टायटस कॅरिसियसचं इ.स.पू. 46 चं एक नाणं आहे: एका बाजूला मोनेटाचं तोंड, दुसऱ्या बाजूला ऐरण, सांडशी, हातोडा. देवाच्या पाठीला कारागिराची हत्यारं. आप्पांनी ते पान फाइलमधून काढूनच घेतलं. "हे दुकानात लावतो."

दुपारी लार्गो अर्जेंटिना. ट्रॅमच्या खडखडाटाशेजारी खोल खड्डा, चार देवळांचे अवशेष आणि भरपूर मांजरं. 2023 पासून आत चालायची वाट केली आहे. गोल देवळाच्या मागं तपकिरी दगडांचा एक ओटा दिसतो, तो पॉम्पे या रोमन सेनापतीच्या सभागृहाचा पाया. 15 मार्च, इ.स.पू. 44, सीझर इथं पडला. चौकाच्या नावाचा देशाशी संबंध नाही. पोपच्या दरबारातला एक अधिकारी स्ट्रासबर्गचा होता, त्या गावाचं लॅटिन नाव अर्जेंटोरातुम, म्हणून त्याच्या इथल्या बुरुजाचं नाव अर्जेंटिना. आणि 'अर्जेंटुम' म्हणजे चांदी. हे ऐकल्यावर आप्पांनी खड्ड्याकडं नव्या आदरानं पाहिलं.

कठड्याला टेकून मी शेवटची दोन पानं शेजारी शेजारी धरली. पहिलं, सीझरचं, खुनाच्या थोडंच आधीचं. डोक्यावर पानांची माळ, गळ्याला वळ्या, समोर अक्षरं: कायमचा हुकूमशहा. जिवंत रोमन माणसाचं तोंड रोमच्या टाकसाळीतून पहिल्यांदा बाहेर पडलं ते त्याच वर्षी, सीझरच्या नाण्यांवर. दुसरं ब्रूटसचं, दोनेक वर्षांनंतरचं, सैन्याच्या तळावर पाडलेलं. मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, दोन्ही बाजूंना खंजीर, खाली 'मार्चची ईद', म्हणजे रोमन पंचांगातला 15 मार्च. दोन खंजीर नीट बघा, मुठी वेगवेगळ्या आहेत: दोन माणसांचे दोन.

"आणि दुसऱ्या बाजूला?"

मी पान उलटलं. दुसऱ्या बाजूला ब्रूटसचंच तोंड.

आप्पांना दोन क्षण लागले. मग ते इतक्या मोठ्यानं हसले की भिंतीवरचं मांजर उठून गेलं. "ज्याच्यासाठी त्याला मारला, तेच ह्यानं केलं की!"

गुरुवार

कोलोसियम बाहेरूनच. त्यापुढं सान क्लेमेंतेचं चर्च. वर बाराव्या शतकातलं, त्याखाली चौथ्यातलं, त्याखाली पहिल्या शतकातली घरं आणि मिथ्राचं देऊळ. सगळ्यात खाली उतरलं की भिंतीमागून पाणी वाहिल्याचा आवाज येतो. तिथल्या मोठ्या दगडी इमारतीत, खोल्यांच्या रांगांत, बादशाही टाकसाळ होती असं मानतात. या परिसरात सापडलेल्या सन 115 च्या दगडांवर कामगारांची पदं कोरलेली आहेत: ठसा सांभाळणारे, टिकली ठेवणारे, हातोडा मारणारे. टिकली ठेवणाऱ्याची बोटं डोळ्यांसमोर आली आणि मी आप्पांच्या उजव्या हाताकडं पाहिलं. तर्जनीचं पेर त्यांचं चपटं आहे, 1983 पासून.

271 मध्ये या टाकसाळीतल्या कामगारांनी बंड केलं. चांदी चोरल्याचा ठपका होता आणि ऑरेलियन बादशहा ते खणून काढत होता. शेजारच्या सीलियन टेकडीवर लढाई झाली, सात हजार सैनिक पडले असं लिहून ठेवलंय.

"आटणीवाल्यांनी चांदी खाल्ली म्हणतात," मी म्हटलं.

"खाल्ली आसंल. पण शंभरातली पंच्याण्णव कामगार खात न्हाई, पोरी. तेवढी खायला मालक लागतो."

वर येताना त्यांना जोगळटेंभीची आठवण करून दिली. नाशिकजवळ 1906 साली नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा ठोकला होता. हरलेल्या राजाचं तोंड, त्यावर जिंकलेल्याचं चैत्य. आटवायचीही तसदी नाही.

"चांदी चांगली आसणार," आप्पा म्हणाले. "न्हाईतर कशाला ठेवंल?"

शुक्रवार

दुपारचं विमान. सकाळी त्रेव्हीच्या कारंज्यावर गेलो. गर्दी पाठमोरी उभी राहून खांद्यावरून नाणी टाकत होती. मी एक टाकलं. आप्पांच्या हातात पन्नास सेंट होतं, ते त्यांनी दोनदा बोटांत फिरवलं, घोडेस्वार वर, मग खाली, आणि रुमालात बांधून ठेवलं.

"टाका की, आप्पा. परत यायला मिळतं म्हणतात."

"पाण्यात आवाज येत न्हाई," ते म्हणाले आणि टॅक्सी बघायला निघाले.